नवाहो मेंढीची नोंदवही

आर्थिक भूगोलाच्या तासाला लोकर हा विषय निघाला की उत्तरे ठरलेली असतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, मेरिनो. धागा बारीक, मऊ आणि पांढराशुभ्र, सबब लोकर उत्तम. गेल्या वर्षी ही उत्तरे मी नेहमीप्रमाणे फळ्यावर लिहीत असता मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग आमच्या मेंढ्यांची लोकर वाईट का?" विचारणारा मुलगा धनगराचा. घरी दख्खनी मेंढरे, काळी, जाड्याभरड्या लोकरीची. आजोबांच्या काळी तिची घोंगडी होत असे; आता लोकर कोणी विचारीत नाही, आणि कातरणाऱ्याची मजुरी मात्र पदरची द्यावी लागते, असे त्याचे म्हणणे. मी काहीतरी उत्तर देऊन वेळ मारून नेली. परंतु 'उत्तम' आणि 'वाईट' हे शब्द मुळात ठरवतो कोण, हा विचार काही डोक्यातून जाईना. त्याचा माग काढता काढता मी अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागातील एका मेंढीपाशी आणि तिच्या मालकांनी काढलेल्या एका संघापाशी जाऊन पोहोचलो. प्रस्तुत लेखात त्याच संघाची हकिगत सांगायची आहे.

आधी संघ म्हणजे काय ते पाहू. पाळीव जनावरांच्या एखाद्या जातीचे मालक एकत्र येऊन जी संस्था स्थापन करतात तिला इंग्रजीत 'ब्रीड सोसायटी' म्हणतात. आपण तिला जातसंघ म्हणू. (जात हा शब्द येथे गाय, मेंढी, घोडा यांच्यापुरताच आहे, एवढे सांगून ठेवलेले बरे!) या कल्पनेचा उगम अठराव्या शतकातील इंग्लंडात सापडतो. लेस्टरशायर परगण्यात डिशली येथे रॉबर्ट बेकवेल (१७२५–१७९५) नावाचा शेतकरी होता. निवडक मेंढीशी निवडक मेंढाच लावून त्याने लवकर वाढणारी, मांसल अशी मेंढी तयार केली. आपले मेंढे तो सहसा विकत नसे. एका हंगामापुरते भाड्याने देई. १७८३ साली त्याने आणि त्याच्यासारख्या काही मेंढेवाल्यांनी मिळून डिशली सोसायटी काढली, ती हे भाडे उतरू नये आणि हे रक्त भलत्याच्या हाती जाऊ नये म्हणून. म्हणजे जातसंघाचा हा पहिला अवतार सधन मंडळींचा, आपली मक्तेदारी राखण्यासाठी निघालेला होता. पुढे एकोणिसाव्या शतकात वंशावळीच्या छापील नोंदवह्या निघू लागल्या. शॉर्टहॉर्न गाईबैलांची कोट्स याने केलेली नोंदवही १८२२ ची. वहीत नाव आहे ते जनावर खानदानी, नाही ते गावठी, ही वाटणी तेव्हापासून पक्की होत गेली.

विसाव्या शतकात पारडे फिरले. एकेका कामासाठी एकेकच जात सगळीकडे पसरू लागली आणि डोंगरकपारीच्या, बेटांवरच्या, गरिबांच्या जाती भराभर नाहीशा होऊ लागल्या. ब्रिटनमध्ये १९७३ साली दुर्मीळ जाती वाचवण्यासाठी 'रेअर ब्रीड्स सर्व्हायव्हल ट्रस्ट' स्थापन झाला. अमेरिकेत १९७७ साली तशाच हेतूने एक संस्था निघाली, तिला आज 'लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सी' म्हणतात. या वातावरणात दुर्मीळ जातींचे जे मालकसंघ निघाले त्यांचे काम बेकवेलच्या नेमके उलट होते. त्याला दार बंद ठेवायचे होते. यांना उरलेसुरले शोधून आत आणायचे होते. वाट्याला आलेली साधने मात्र तीच जुनी राहिली: नोंदवही, जातीची लक्षणे आणि मेंढा. या साधनांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे नवाहो-चुरो मेंढीच्या उदाहरणात जितके स्वच्छ दिसते तितके इतरत्र क्वचितच दिसेल.

या मेंढीचे मूळ स्पेनमध्ये. तेथे मेरिनो ही श्रीमंतांची, निर्यातीच्या लोकरीची मेंढी. आणि 'चुर्रा' ही सामान्य शेतकऱ्याची, दूध-मांस-जाडी लोकर असे सगळेच थोडे थोडे देणारी. सोळाव्या शतकात स्पॅनिश लोक अमेरिकेत उतरले तेव्हा जहाजांतून आणि पुढे तांड्यांबरोबर हीच मेंढी आली. १५९८ मध्ये ओन्याते याच्या नेतृत्वाखाली आजच्या न्यू मेक्सिकोत स्पॅनिश वसाहत झाली आणि रिओ ग्रांदे नदीच्या खोऱ्यात मेंढरे स्थिरावली. 'चुर्रा'चे 'चुरो' झाले. शेजारच्या नवाहो लोकांनी व्यापारात, लुटीत, जमेल तसे ते कळप मिळवले आणि शे-दीडशे वर्षांत त्यांचे सारे जीवन मेंढीभोवती गुंफले गेले. हे लोक स्वतःला 'दिने' म्हणवतात. मेंढीला त्यांच्या भाषेत 'दिबे' असा शब्द आहे. त्यांच्यात कूळ आईकडून चालते. मेंढ्यांची मालकी घराची नसून व्यक्तीची असते, आणि बायकांचे कळप बायकांचेच असतात. माग बायकांचा, लोकर बायकांची, विणलेल्या कांबळ्याचे मोलही बहुधा त्यांचेच. विणण्याची विद्या आपल्याला कोळीण-देवतेने दिली अशी त्यांची श्रद्धा आहे.

ही मेंढी दिसायला शोभिवंत नाही. अंगाने सडपातळ, पाय लांब, तोंडावर आणि पायांवर लोकर नाही, पोटाखालीही जवळजवळ नाहीच. काही मेंढ्यांना दोन, काहींना चार शिंगे. रंग पांढरा, काळा, तपकिरी, करडा, कबरा, काय वाटेल तो. तिचे खरे वैभव लोकरीत आहे. या लोकरीचे दोन थर असतात. आतला थर मऊ, तीन ते सहा इंच लांबीचा. त्यातून बाहेर आलेला दुसरा थर राठ केसांचा, सहा ते बारा इंचांचा. आतला थर ऊब देतो. बाहेरचा पाऊस आणि धूळ झटकून टाकतो. शिवाय या लोकरीत मेण फार थोडे. वाळवंटात हा गुण लाखमोलाचा ठरतो, कारण लोकर धुवायला पाणी कुठून आणायचे? नवाहो बाई ही लोकर झटकून, पिंजून लांब लाकडी चातीवर मांडीशी घोळवत कातते. लांब केसांमुळे सूत तुटत नाही. आणि ते सूत उभ्या मागावर ताणून विणलेली कांबळी पिढ्यान्‌पिढ्या टिकतात.

या मेंढीवर दोन मोठे घाले पडले. पहिला १८६३–६४ मध्ये. किट कार्सन याच्या हाताखालील अमेरिकन फौजेने नवाहोंची पिके जाळली, कान्यन द शे या दरीतील पीचच्या बागा तोडल्या, मेंढरे मारली आणि उपाशी लोकांना शेकडो मैल चालवत बोस्क रेदोंदो येथील छावणीत नेले. आठ हजारांहून अधिक माणसे तेथे डांबलेली होती. १ जून १८६८ च्या तहाने त्यांना परत जाऊ दिले, आणि त्या तहात सरकारने पंधरा हजार मेंढ्या-शेळ्या विकत घेऊन देण्याचे कबूल केले. तहनाम्यात शेळ्यामेंढ्यांचा आकडा लिहिला जावा यावरूनच या लोकांच्या लेखी त्यांचे स्थान काय असेल ते समजावे. वाटणीत माणशी सरासरी दोनच जनावरे आली. काही कळप दुर्गम दऱ्यांत लपवून वाचवलेले होते, त्यांची भर पडली. आणि पुढच्या साठ वर्षांत नवाहोंनी त्यातून लाखोंची मेंढरे उभी केली.

दुसरा घाला १९३० च्या दशकातला. कळप वाढले होते पण जमीन वाढली नव्हती. कुरणे उघडी पडली होती, ओघळी खोल होत होत्या; आणि कोलोरॅडो नदीवर तेव्हा बांधले जात असलेले हूव्हर धरण या मातीच्या गाळाने भरेल अशी इंजिनिअरांना धास्ती होती. इंडियन खात्याचे कमिशनर जॉन कॉलियर यांच्या कारकिर्दीत जनावरे सक्तीने कमी करण्याची मोहीम निघाली. जनावरे नाममात्र किमतीला घेतली गेली. जी रेल्वेपर्यंत नेणे परवडत नव्हते ती काही ठिकाणी गोळ्या घालून तेथेच टाकून दिली. दुखणे खोटे नव्हते, जमीन खरोखरच झिजत होती, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तथापि उपाय ठरवताना ज्यांची जनावरे, त्या बायकांना कोणी विचारले नाही. वृद्ध नवाहो स्त्रियांच्या आठवणींत ते दृश्य शेवटपर्यंत राहिले.

या दोन घाल्यांच्या जोडीला एक तिसरा, आवाज न करणारा घाला चालूच होता, आणि माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाशी खरा संबंध त्याचाच आहे. तो म्हणजे 'सुधारणा'. सरकारी तज्ज्ञांच्या दृष्टीने चुरो हे हलके जनावर. मांस कमी, लोकर राठ आणि रंगीत. गिरणीला पांढरी लोकर हवी असते, कारण तिच्यावर कोणताही रंग चढतो. पांढऱ्या गाठोड्यात काळे केस आले तर सगळ्या मालाचा भाव उतरतो. तेव्हा राम्बुये वगैरे मेरिनो रक्ताचे मेंढे आणून देशी कळपांत सोडले गेले. संकरित मेंढ्यांची लोकर बारीक, आखूड, वळ्यावळ्यांची आणि मेणाने माखलेली निघाली. गिरणीच्या हिशेबात ती वरच्या प्रतीची ठरली. पण थोड्या पाण्यात ती धुऊन निघेना, हाताने पिंजताना तिच्या गाठी होत, आणि सूत भेंडाळलेले येई. कांबळ्यांचा पोत बिघडला. मग सरकारलाच ते जाणवले, आणि १९३० च्या दशकाच्या मध्यावर न्यू मेक्सिकोत फोर्ट विंगेट येथे मेंढी-पैदाशीची प्रयोगशाळा उघडून तेथे दूरदूरच्या भागांतून जुन्या वळणाच्या मेंढ्या जमवून हातविणीला योग्य लोकर कोणती याचा अभ्यास सुरू झाला. एकाच सरकारने एका हाताने जी मेंढी मोडीत काढली तिचाच दुसऱ्या हाताने शोध घेतला, ही गंमतच म्हणायची! प्रयोगशाळा १९६० च्या दशकात बंद पडली. १९७० च्या दशकात जुन्या वळणाच्या मेंढ्यांची संख्या पाचशेच्या आत आली होती.

१९७२ साली कॅलिफोर्नियातील सॅन लुईस ओबिस्पो येथील पॉलिटेक्निक विद्यापीठात पशुविज्ञान शिकवणारे लाइल मॅकनील आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन एका पशुपालकाच्या कुरणावर गेले. तेथे त्यांना चार शिंगांची विचित्र मेंढरे दिसली. चौकशीअंती ती चुरो निघाली. मालकाला आता घोड्यांत रस होता, मेंढ्यांत नव्हता. त्याच्याकडून मॅकनील यांना सहा मेंढ्या आणि दोन मेंढे मिळाले. त्या आठ जनावरांपासून, आणि नवाहो भूमीतील आडवळणाच्या दऱ्यांत म्हाताऱ्या माणसांनी जपलेल्या जनावरांपासून, १९७७ मध्ये 'नवाहो शीप प्रोजेक्ट' सुरू झाला. पुढे मॅकनील युटा राज्य विद्यापीठात गेले, त्यांच्याबरोबर कळपही गेला. आणि १९८० च्या दशकात तेथे वाढलेली मेंढरे नवाहो विणकरणींच्या दारी परत जाऊ लागली.

शैक्षणिक सहलीतून असे काही निघू शकते हे आमच्या सहलसमितीने ध्यानात घ्यावे.

एका माणसाच्या कळपावर मात्र जात टिकत नाही. त्याची नोकरी बदलली, प्रकृती बिघडली, अनुदान थांबले की सगळे संपते. म्हणून १९८६ साली 'नवाहो-चुरो शीप असोसिएशन' हा जातसंघ स्थापन झाला. त्याच्यापुढे पहिलाच पेच अवघड होता. चुरो म्हणायचे कोणाला? वंशावळ कागदावर कोणाकडेच नव्हती, आणि शंभर वर्षे निरनिराळे मेंढे कळपांत सोडले गेल्यामुळे रक्ताची खात्री कोणीच देऊ शकत नव्हते. संघाने यातून काढलेली वाट मला फार शहाणपणाची वाटते. वंश न विचारता प्रत्येक जनावर अंगावरच्या लक्षणांवरून पारखायचे, असे ठरले. आईबाप नोंदलेले आहेत एवढ्यावरून कोकराचे नाव वहीत चढत नाही. त्याची स्वतंत्र परीक्षा होते. उलट, नोंद नसलेल्या कळपातले जनावर लक्षणांना उतरले तर त्याला आत येण्याची वाट मोकळी ठेवलेली आहे.

ही परीक्षा म्हणजे मुख्यतः लोकरीची परीक्षा. पारखणारा माणूस खांद्यापाशी, कुशीपाशी, मांडीपाशी हाताने लोकर दुभंगून पाहतो. दोन थर स्पष्ट आहेत का? आतला थर साधारण चार पंचमांश भरतो का? त्याचा तंतू दहा ते पस्तीस मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि बाहेरचा त्याहून जाड आहे का? रंग न घेणारे, तुटके, खडूसारखे पांढरे केस शेकडा पाचांहून अधिक तर नाहीत? पोटावर दाट लोकर दिसली, तोंडावर लोकर उतरली, बोटांना मेण चिकटले, की समजावे राम्बुयेचे रक्त बोलत आहे. कोणत्याही रंगाला मज्जाव नाही. दोन शिंगांचा, चार शिंगांचा, बिनशिंगांचा मेंढाही चालतो. वस्तुतः हा शेवटचा निर्णय साधा दिसला तरी महत्त्वाचा आहे. चार शिंगे दिसायला आकर्षक म्हणून फक्त चारशिंगी मेंढेच ठेवायचे असा मोह हौशी मालकांना सहज होतो. पण अनेक शिंगांना कारण होणारा जनुकीय बदल काही मेंढ्यांत वरची पापणी दुभंगण्याचा दोषही घडवतो, हे जेकबसारख्या जातींत पालकांनी पूर्वीपासून पाहिले होते, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यामागचे जनुकही दाखवून दिले. शोभेपायी डोळा गमावण्यात शहाणपण नाही.

आता नोंदवहीचा खरा उपयोग सांगतो, आणि त्यासाठी थोडे गणित आवश्यक आहे. कला शाखेच्या वाचकांनी घाबरून पान उलटू नये. समजा, एका मालकाकडे शंभर मेंढ्या आणि एकच मेंढा आहे. डोकी मोजली तर एकशे एक. पण पुढच्या पिढीतल्या प्रत्येक कोकराचा बाप तोच. सगळी कोकरे एकमेकांची सावत्र भावंडे. पैदासशास्त्रात अशा कळपाची 'प्रभावी संख्या' काढण्याचे सूत्र असे: नरांची संख्या गुणिले माद्यांची संख्या गुणिले चार, भागिले नर-माद्यांची बेरीज. हे गणित केले तर उत्तर येते चार! म्हणजे शंभर मेंढ्यांचा हा भरघोस कळप रक्ताच्या हिशेबात अवघ्या चार जनावरांइतका दरिद्री आहे. त्याच शंभर मेंढ्यांना दहा निरनिराळे मेंढे मिळाले तर उत्तर छत्तीस येते. सगोत्र पैदाशीचे प्रमाण पहिल्या कळपात दर पिढीला शेकडा साडेबारा या गतीने वाढते. दुसऱ्यात दीडहूनही कमी. सगोत्र पैदास वाढली की कोकरे अशक्त निघतात, मेंढ्या फळत नाहीत, रोगाला कळप लवकर बळी पडतो.

पण दहा मेंढे सांभाळणे कोणाला परवडते? मेंढा वर्षातले थोडेच दिवस कामाचा, बाकीचे दिवस नुसता खाणारा. दहा-वीस मेंढ्यांच्या मालकाने तर एकच मेंढा ठेवायचा. येथे संघ उपयोगी पडतो. नोंदवहीत कोणाचा मेंढा कोणाच्या कळपातून आला हे लिहिलेले असल्यामुळे शेकडो मैलांवरच्या दोन अनोळखी मालकांना आपले मेंढे एकमेकांशी बदलता येतात. म्हणजे दुर्मीळ जातीचा कळप एका कुरणावर नसतोच. तो पन्नास-शंभर कुरणांवर विखुरलेला असतो आणि वहीच्या पानांवर तेवढा एकत्र येतो. बेकवेलच्या काळी वही मेंढ्याचे भाडे चढवण्याच्या कामी आली. येथे मेंढा पोटापाण्याला फिरावा तसा या वाडग्यातून त्या वाडग्यात फिरता ठेवण्याच्या कामी येते.

इतके झाले तरी पोट भरत नाही. मेंढी पाळायची तर तिने काहीतरी पदरात टाकले पाहिजे. चुरोची कोकरे लहान चणीची आणि सावकाश वाढणारी असल्यामुळे बाजारात त्यांना भाव कमी. रंगीत, दोन थरांच्या लोकरीला घाऊक व्यापारी पौंडामागे काही सेंट देणार, तेही दिले तर. दुर्मीळ मेंढीचे कौतुक करणारे पुष्कळ भेटतात; कौतुकाने मात्र तिच्या चाऱ्याची सोय होत नाही. तेव्हा या लोकरीला गिऱ्हाईक शोधणे ही या सगळ्या चळवळीची खरी कसोटी होती, आणि तीत ती सर्वत्र सारखी उतरली असे म्हणता येणार नाही.

न्यू मेक्सिकोच्या उत्तर भागात लोस ओहोस नावाचे खेडे आहे. तेथील स्पॅनिश वंशाच्या मेंढपाळांनी आणि विणकरांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीस 'गानादोस देल वाये' ही संस्था काढली. तिच्यातून 'टिएरा वूल्स' हा विणकरांचा सहकारी उद्योग उभा राहिला. त्यांनी चुरोचे कळप वाढवले, त्याच गावात सूत रंगवून, विणून वस्तू विकल्या. ज्याच्याकडे मेंढ्या नाहीत त्याला मेंढ्या द्यायच्या आणि त्याने काही वर्षांत तितक्या परत करायच्या, की त्या पुढच्या माणसाला देता येतील, अशी रीतही त्यांनी घातली. त्या मुलखात 'पार्तिदो' नावाची जुनी वाट्याची पद्धत होती, तिचेच हे रूप. आपल्याकडे जनावर अर्धलीने किंवा वाट्याने देतात त्याची येथे आठवण होते. फरक इतकाच की जुन्या पार्तिदोत नफा सावकाराकडे जाई, आणि या नव्या पद्धतीत परत आलेली मेंढी शेजाऱ्याच्या दारी जाते.

दुसरे गिऱ्हाईक मिळाले ते दूरच्या शहरांतल्या हौशी कातणाऱ्यांत आणि विणणाऱ्यांत. २०१९ साली लाइव्हस्टॉक कन्झर्व्हन्सीने दुर्मीळ मेंढ्यांच्या लोकरीसाठी एक उपक्रम सुरू केला. भाग घेणाऱ्याला पासपोर्टासारखी पुस्तिका द्यायची. त्याने एकेका दुर्मीळ जातीची लोकर मालकाकडून विकत घ्यायची, तिचे काहीतरी करायचे आणि पुस्तिकेत त्या जातीपुढे खूण मिळवायची. आपल्याला हा पोरखेळ वाटेल. पण जी लोकर मालक खतात टाकत होता तिला त्यामुळे घरबसल्या मागणी येऊ लागली.

आता थोडे अप्रिय बोलतो. जातसंघाची वही, वर्गणी, तपासणी, पत्रव्यवहार हे सगळे ज्याला कागदाची सवय आहे त्याला सोयीचे. नवाहो राष्ट्राची भूमी सुमारे ७१ हजार चौरस किलोमीटरची, म्हणजे महाराष्ट्राच्या चौथाईला थोडी कमी. तीत वस्त्या विरळ आणि रस्ते पुष्कळसे कच्चे. तेथल्या एखाद्या आजीबाईने आयुष्यभर चुरो जपल्या तरी तिच्या मेंढ्या वहीत असतीलच असे नाही. आणि दूर दुसऱ्या राज्यातल्या हौशी मालकाच्या मेंढ्या मात्र क्रमांकासह नोंदलेल्या असतील. तर मग खरी चुरो कोणती? आजीबाईची की क्रमांकाची? पूर्वी सरकारी तज्ज्ञ येऊन सांगे की तुझी मेंढी हलकी आहे. उद्या संघाचा तपासनीस येऊन सांगेल की तुझी मेंढी अस्सल नाही. दोघांच्या हेतूंत जमीनअस्मानाचा फरक आहे हे मान्य. पण सांगणारा बाहेरचाच. ही अडचण ओळखूनच असेल, पण १९९१ साली नवाहोंची स्वतःची 'दिने बे ईना' ही संस्था निघाली. नावाचा भावार्थ 'दिनेंची जीवनरीत' असा आहे. मेंढी, लोकर आणि विणकाम ही तीन कामे तिने एका धाग्यात ठेवली. 'शीप इज लाइफ' या नावाने तिने उत्सव भरवले, त्यांत कातरणी, कातण, विणकाम, मेंढ्या पारखणे आणि आपल्या भाषेतल्या मेंढरांच्या गोष्टी असे सगळे एकत्र असते. करोनाच्या साथीत व्यापारी येईनासे झाले आणि लोकर घरोघर पडून राहिली, तेव्हा नवाहो मंडळींनी 'रेनबो फायबर को-ऑप' हा सहकारी संघ काढून दूरच्या वस्त्यांवरून लोकर गोळा केली, तिचे सूत करवले आणि वाजवी दराने विकले. नोंद असलेली मेंढी आणि नसलेली मेंढी हा भेद लोकरीच्या पोत्याला कळत नाही.

मला वाटते, या दोन्ही प्रकारच्या संस्था एकमेकींना पूरक आहेत, पण समान नाहीत. जातसंघ मेंढीकडून माणसाकडे येतो. नवाहोंची संस्था माणसाकडून मेंढीकडे जाते. पहिलीशिवाय मेंढ्यांचे रक्त पातळ होईल. दुसरीशिवाय चुरो उरेल, तीही हौशी लोकांच्या कुंपणात, आणि चाती फिरवणारा हात उरणार नाही. एकीचीच निवड करा म्हटले तर मी दुसरी निवडीन, आणि पशुविज्ञानाचे प्राध्यापक कदाचित पहिली निवडतील.

चुरो आज पाचशेवरून काही हजारांवर आली आहे. तरीही दुर्मीळ जातींच्या यादीतून ती बाहेर पडलेली नाही. वर्षानुवर्षांच्या अवर्षणामुळे नवाहो भूमीत पाणी वाहून आणून कळप जगवावे लागतात. तरुण मंडळी शहरांकडे जातात, मेंढरांमागे राहतात ती म्हातारी माणसे.

हे सगळे वाचून झाल्यावर मी त्या विद्यार्थ्याला बोलावून त्याच्या प्रश्नाचे राहिलेले उत्तर दिले. लोकर वाईट नसते. ती कोणत्या कामाला वाईट, असे विचारावे लागते. गिरणीत वाईट ठरलेली लोकर घोंगडीला उत्तम असू शकते. हेही सांगितले की दख्खनी मेंढी चुरोसारखी संख्येने दुर्मीळ नाही. म्हणून दोहोंची तुलना जपूनच करावी. त्याने सगळे ऐकून घेतले. त्याला लोकरीपेक्षा मेंढ्यांच्या गणितातच अधिक रस वाटला. त्यांच्या खांडात सध्याचा मेंढा कोणाच्या वाड्यावरून आला, त्याच्या आधीचा कोणाचा, त्याचा बाप कोणाकडे गेला, हे आजोबांना तोंडपाठ आहे, असे तो म्हणाला. "लिहून ठेवलं तर चालेल का, सर?"

दिवाळीच्या सुट्टीनंतर त्याने वही आणून दाखवली. शंभर पानी, रेघांची. पहिल्या तीन पानांवर सात मेंढ्यांची नावे, शिंगांची वळणे, कानांच्या खुणा आणि ज्याच्याकडून आणले त्या माणसांची गावे लिहिलेली आहेत. चौथ्या पानावर एक जागा कोरी सोडली आहे. त्या मेंढ्याचे गाव आजोबांना आठवत नाही, पण ते आठवणाऱ्या आजी फलटणकडच्या वाड्यावर गेल्या आहेत, त्या पाऊस झाल्यावर परत येतील.